घाऊक औषधविक्रीच्या कार्यालयातील वाय-फाय: नोकरी सोडून गेलेल्यांकडेही पासवर्ड आहे, काय करावे?

घाऊक_औषधे_सांगली

नमस्कार. सांगलीत आमचा घाऊक औषधविक्रीचा व्यवसाय आहे. खाली गोदाम आणि वर कार्यालय अशी जागा आहे. इंटरनेट कंपनीने बसवून दिलेला एक राउटर आणि गोदामात रेंज मिळत नव्हती म्हणून नंतर घेतलेला एक ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारे जोडयंत्र), एवढ्यावर आमचे सगळे वाय-फाय चालते. बिलिंगचा मुख्य संगणक, कार्यालयातील लॅपटॉप, प्रिंटर, गोदामातील हातात धरायचे बारकोड स्कॅनर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, विक्री प्रतिनिधींचे आणि डिलिव्हरीच्या मुलांचे फोन, शिवाय भेटीला येणाऱ्या एमआर मंडळींचे (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचे) फोन, हे सगळे एकाच नावाच्या वाय-फायला एकाच पासवर्डने जोडलेले आहे. पासवर्ड म्हणजे आमच्या फर्मचाच मोबाइल नंबर आहे आणि जोडणी घेतल्यापासून तो बदललेला नाही.

अलीकडे एक विक्री प्रतिनिधी नोकरी सोडून दुसऱ्या घाऊक विक्रेत्याकडे गेला. त्याच्यावर आमचा काही आरोप नाही. मात्र त्या निमित्ताने मी पहिल्यांदाच राउटरमध्ये जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली, तेव्हा त्यातील बरीच उपकरणे कोणाची आहेत हे कार्यालयात कोणालाच सांगता आले नाही. आमच्या बिलिंगच्या संगणकावरचा एक फोल्डर सर्वांना वापरता यावा म्हणून शेअर केलेला आहे. त्यात दरपत्रके, स्कीम आणि रिटेलरांच्या उधारीची खाती आहेत, आणि तो उघडायला वेगळा पासवर्ड लागत नाही.

आमच्या नेहमीच्या तंत्रज्ञाचे म्हणणे असे की वाय-फायचे नाव लपवावे आणि ठरावीक उपकरणांचेच मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) राउटरमध्ये नोंदवून बाकीच्यांना बंदी करावी, म्हणजे पुरे. दुसऱ्या एका विक्रेत्याने प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन देणारी यंत्रणा सुचवली आहे, पण तिचा खर्च आमच्या आवाक्याच्या जरा बाहेरचा वाटतो. आमच्याएवढ्या व्यवसायाला नेमके किती पुरेसे आहे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

जाळे_जोडणी_कोल्हापूर

तुमच्या तंत्रज्ञाने सुचवलेल्या दोन्ही उपायांबद्दल आधी लिहितो, कारण लहान व्यवसायांत हेच दोन उपाय सर्वाधिक केले जातात आणि ते केल्यावर आपण सुरक्षित झालो अशी जी समजूत होते ती घातक आहे.

नाव लपवले म्हणजे राउटर ते नाव सतत जाहीर करण्याचे थांबवतो, इतकेच. तुमचा एखादा अधिकृत फोन जोडला जातो तेव्हा तो ते नाव हवेत उघडपणे उच्चारतोच, आणि ऐकणाऱ्याला ते फुकट मिळणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरने मिळते. उलट, लपवलेले नाव साठवून ठेवलेले फोन बाहेर फिरतानाही ‘अमुक नावाचे वाय-फाय इथे आहे का’ असे विचारत राहतात, त्यामुळे ते नाव तुमच्या इमारतीपुरतेही राहत नाही. मॅक ॲड्रेसची गत याहून वेगळी नाही. वाय-फायवरून जाणाऱ्या माहितीचा आतला मजकूर कूटबद्ध असला तरी ती कोणत्या उपकरणाकडून कोणत्या उपकरणाकडे चालली आहे हे सांगणारा भाग उघडाच असतो. परवानगी असलेला एखादा मॅक ॲड्रेस ऐकून तो आपल्या लॅपटॉपला लावणे हे फार तर दोन मिनिटांचे काम आहे. त्यातच अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायसाठी मूळ मॅक ॲड्रेस लपवून बनावट ॲड्रेस वापरू लागले, त्यामुळे ही यादी सांभाळण्याचा त्रास तुमच्याच माणसांना होईल आणि ज्याला अडवायचे तो अडणार नाही.

आता तुमच्या पासवर्डकडे वळू. डब्ल्यूपीए-२ या वाय-फाय सुरक्षेच्या प्रचलित पद्धतीत एखादे उपकरण जोडले जाताना राउटर आणि ते उपकरण यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होते. हे संदेश बाहेर रस्त्यावर गाडीत बसलेल्या माणसालाही टिपता येतात. जोडणीची वाट पाहत बसण्याचीही त्याला गरज नसते, कारण जोडलेल्या फोनला खोटा ‘जोडणी तोड’ असा संदेश पाठवला की तो फोन क्षणात तुटतो आणि लगेच पुन्हा जोडला जातो. २०१८ मध्ये तर असेही दाखवून देण्यात आले की बऱ्याच राउटरांकडून पासवर्ड तपासायला पुरेल असा मजकूर एकही फोन जोडलेला नसताना मागून घेता येतो. एकदा तो हाती आला की पुढचे काम आक्रमक स्वतःच्या घरी बसून करतो: एकेक पासवर्ड घालून पाहायचा आणि जुळतो का ते तपासायचे. तुमच्या राउटरला याचा पत्ताही लागत नाही. चांगल्या ग्राफिक कार्डावर सेकंदाला लाखो पासवर्ड तपासले जातात. आठ आकडी पासवर्ड असेल तर एकूण शक्यताच दहा कोटी आहेत, म्हणजे हा काही मिनिटांचा खेळ आहे. मोबाइल नंबर दहा आकडी असला तरी भारतात तो ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, त्यामुळे तोही फार तर काही तासांत सापडतो. आणि फर्मचा नंबर असेल तर शोधण्याचीही गरज नाही, तो तुमच्या पाटीवर आणि प्रत्येक बिलावर छापलेला आहे.

म्हणून पहिले काम आजच करा. पासवर्ड किमान वीस अक्षरांचा, एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा ठेवा. राउटरवर डब्ल्यूपीएसची (पासवर्डऐवजी पिन किंवा बटणाने जोडण्याची) सोय चालू असेल तर ती बंद करा. त्या सोयीचा पिन आठ आकडी दिसतो, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि उरलेले सात आकडे राउटर चार आणि तीन अशा दोन तुकड्यांत तपासतो. त्यामुळे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत पिन सापडतो, हे २०११ च्या डिसेंबरमध्येच जाहीर झाले आहे. पिन सापडला की वीस अक्षरी पासवर्डही राउटर स्वतःहून देऊन टाकतो. राउटरच्या प्रशासनाचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल तर तोही बदला आणि राउटरची सेटिंग इंटरनेटवरून उघडण्याची मुभा बंद करा.

एवढे करूनही तुमचा मूळ प्रश्न सुटत नाही. गोदामाची एकच चावी बनवून तिच्या प्रती सगळ्यांना वाटाव्यात तसा हा पासवर्ड आहे: एक माणूस गेला की कुलूपच बदलावे लागते, आणि ते दरवेळी कोणी बदलत नाही. शिवाय पासवर्ड तोंडाने सांगावा लागतो असेही आता उरलेले नाही. अँड्रॉइड १० पासून जोडलेल्या फोनवर ‘शेअर’ दाबले की क्यूआर कोड येतो, आणि त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर कुठेही जातो. विंडोजच्या लॅपटॉपवरही साठवलेला पासवर्ड सेटिंगमध्ये जाऊन जसाच्या तसा वाचता येतो. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: डब्ल्यूपीए-२ मध्ये सामायिक पासवर्ड ज्याला माहीत आहे, त्याने दुसऱ्या फोनच्या जोडणीचे ते चार संदेश टिपले तर त्या फोनची वाय-फायवरची देवाणघेवाण तो उलगडू शकतो. म्हणजे एमआरला दिलेला पासवर्ड हा फक्त इंटरनेट वापरण्याचा परवाना राहत नाही.

यावरचा खरा उपाय विभागणी हा आहे. जोडलेले प्रत्येक उपकरण बिलिंगच्या संगणकापर्यंत पोहोचू शकते, ही तुमच्याकडची सर्वांत मोठी उणीव आहे. एमआर मंडळी, डिलिव्हरीची मुले आणि कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक फोन यांच्यासाठी वेगळे नाव आणि वेगळे नेटवर्क ठेवा, जिथून फक्त इंटरनेट मिळेल, कार्यालयातील एकही यंत्र दिसणार नाही, आणि एका फोनवरून दुसरा फोनही दिसणार नाही. सीसीटीव्ही तिसऱ्या विभागात टाका. बिलिंगच्या संगणकाला आणि कार्यालयातील लॅपटॉपना उरलेला, सर्वांत आतला विभाग द्या. यासाठी व्हीलॅन (एकाच जाळ्याचे वेगळे विभाग करण्याची सोय) समजणारा स्विच, तसाच राउटर आणि एकाहून अधिक नावे देऊ शकणारे ॲक्सेस पॉइंट लागतात. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये बहुधा फक्त ‘गेस्ट’ची, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायची, सोय असते. तेवढी तरी आज चालू करा. मात्र ती चालू केल्यावर एक फोन गेस्टवर जोडून त्यावरून बिलिंगचा संगणक आणि राउटरचे सेटिंगचे पान उघडते का, हे स्वतः पाहा. गोदामातील वेगळ्या ॲक्सेस पॉइंटमुळे ही विभागणी अर्धवट राहिल्याचे मी अनेक कार्यालयांत पाहिले आहे, कारण वरच्या मजल्यावर गेस्ट वेगळे असते आणि गोदामात तेच नाव थेट आतल्या नेटवर्कला जोडलेले असते.

---

करसल्लागार_ठाणे

वरील तांत्रिक उत्तर उत्तम आहे. मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण माझ्या अशिलांना वाय-फायचा धोका म्हणजे फक्त माहितीची चोरी असे वाटते. तुमच्या जोडणीवरून बाहेर काय गेले, याचे उत्तर आधी तुम्हालाच द्यावे लागते, ही बाजू विसरली जाते.

महाराष्ट्राने हे फार जवळून पाहिले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या जोडणीवरून गेल्याचे तपासात दिसले. त्या घरातील वाय-फाय असुरक्षित होते आणि त्याचा वापर भलत्यानेच केला होता, पण तपास आधी त्या घराच्या दारात जाऊन पोहोचला. त्यानंतर ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीतील स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून असेच ईमेल पाठवले गेले. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढून वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटवण्याची व्यवस्था करायला सांगितली. तुमच्या यादीतील उपकरणे कोणाची हे कार्यालयात कोणालाच सांगता आले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. ती यादी पोलिसांनी समोर ठेवली तर काय सांगाल, याचा विचार करून पाहा.

नोंदींचा मुद्दाही इथेच येतो. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग (नोंदी) १८० दिवस जपून ठेवायचे आहेत, आणि अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची आहे. ते निर्देश तुमच्या फर्मला कसे लागू होतात हे तुमच्या सल्लागाराकडून पाहून घ्या. पण कायदा बाजूला ठेवला तरी घरगुती राउटरमधील नोंदी वीज गेली की पुसल्या जातात, आणि सांगलीत काय किंवा ठाण्यात काय, वीज जातेच. नवीन राउटर घेताना नोंदी बाहेरच्या संगणकावर साठवण्याची सोय आहे का, हे अवश्य विचारा.

शेअर केलेल्या फोल्डरबद्दल एक वाक्य. रिटेलरांच्या उधारीची खाती ही त्यांची माहिती आहे, ती तुमच्याकडे विश्वासाने आलेली आहे. वाय-फायचे काम होईपर्यंत वाट न पाहता त्या फोल्डरला आजच पासवर्ड लावा, आणि ज्यांना फक्त पाहायचे आहे त्यांना बदल करण्याचा अधिकार देऊ नका.

---

रुग्णालय_आयटी_नाशिक

विक्रेत्याने सुचवलेल्या स्वतंत्र लॉगिनच्या यंत्रणेविषयी माझा अनुभव सांगतो. आमच्या रुग्णालयात ती आहे आणि योग्य रीतीने उभी केली तर तिच्याइतके चांगले दुसरे काही नाही. कर्मचारी गेला की रेडियस सर्व्हरवर, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या संगणकावर, त्याचे खाते बंद करायचे, बाकी कोणाचा पासवर्ड बदलावा लागत नाही. सॉफ्टवेअर विकत घ्यावेच लागते असेही नाही, फ्रीरेडियस विनामूल्य मिळते.

पण अर्धवट उभारलेली ही यंत्रणा फसवी ठरते. नाव आणि पासवर्ड टाकून जोडायच्या पद्धतीत, समोरचा सर्व्हर आपलाच आहे याची खातरजमा फोन सर्टिफिकेट (सर्व्हरचे डिजिटल ओळखपत्र) तपासून करतो. घाईत बसवणारा माणूस फोनमध्ये ‘तपासू नका’ हा पर्याय निवडून मोकळा होतो. मग तुमच्याच नावाचे खोटे वाय-फाय बाहेर उभे करणाऱ्याकडे कर्मचाऱ्याचा फोन आपोआप जातो आणि कर्मचाऱ्याच्या लॉगिनचा धागा त्या परक्या माणसाच्या हाती लागतो. २०२० च्या अखेरीपासून अँड्रॉइडने तो पर्याय काढून टाकायला सुरुवात केली ती याच कारणाने. जुन्या फोनवर तो अजून दिसतो. सर्टिफिकेट सांभाळणारा माणूस तुमच्याकडे नसेल तर ही यंत्रणा आत्ता घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

मधला मार्ग आहे. व्यवसायांसाठीच्या अनेक ॲक्सेस पॉइंटमध्ये एकाच नावाच्या वाय-फायला प्रत्येक माणसासाठी किंवा उपकरणासाठी वेगळा पासवर्ड देण्याची सोय असते, आणि पासवर्डवरून ते उपकरण कोणत्या विभागात जाईल तेही ठरवता येते. माणूस गेला की त्याची एक ओळ पुसायची. बहुतेक ठिकाणी ही सोय डब्ल्यूपीए-२ वरच चालते, ही तिची मर्यादा आहे. तरीही तुमच्याएवढ्या फर्मला आज मी हीच सुचवेन.

---

घाऊक_औषधे_सांगली

सर्वांचे मनापासून आभार. फोल्डरला पासवर्ड लावला, वाय-फायचा पासवर्ड बदलला आणि डब्ल्यूपीएस बंद केले. गेस्ट चालू करून वर सांगितल्याप्रमाणे फोनवरून पाहिले. वरच्या मजल्यावर बिलिंगचा संगणक दिसत नाही, पण गोदामात गेस्टचे नावच येत नाही.

आता एक अडचण उरली. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-३ चा (डब्ल्यूपीए-२ नंतरच्या नव्या पद्धतीचा) पर्याय आहे, पण तो निवडला की गोदामातील स्कॅनर जोडलेच जात नाहीत. ते जुने आहेत, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्यांच्या कंपनीकडून नवे फर्मवेअर (यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर) येत नाही. बॅच नंबर आणि मुदत संपण्याची तारीख त्यांच्यावरूनच नोंदवतो, त्यामुळे ते बंद ठेवता येत नाहीत. दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय निवडावा का?

---

जाळे_जोडणी_कोल्हापूर

मिश्र पर्याय सगळ्यांसाठी निवडू नका. डब्ल्यूपीए-३ ची मोठी देणगी ही की टिपलेल्या संदेशांवरून घरी बसून पासवर्ड शोधता येत नाही, प्रत्येक अंदाज प्रत्यक्ष ॲक्सेस पॉइंटसमोरच करावा लागतो. शिवाय ‘जोडणी तोड’ असे खोटे संदेश त्यात चालत नाहीत, कारण त्या संदेशांचे संरक्षण सक्तीचे आहे. मिश्र पर्यायात तोच पासवर्ड जुन्या पद्धतीनेही चालतो, त्यामुळे आक्रमक जुन्या पद्धतीच्या दाराने येतो आणि नव्याचा लाभ उरत नाही.

एका जुन्या यंत्रासाठी सगळे नेटवर्क खालच्या पातळीवर ठेवण्याची किंमत काय असते, याचे आपल्या धंद्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील टीजेएक्स या किरकोळ विक्रीच्या साखळीचे आहे. डब्ल्यूईपी ही पहिली कूटपद्धत मोडते हे २००१ मध्येच संशोधकांनी दाखवले होते, आणि तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए व २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आले होते. तरी २००५ मध्ये या कंपनीच्या दुकानांत डब्ल्यूईपी वापरात होते. दुकानाच्या वायरलेस जाळ्यातून शिरलेले लोक तिथून मुख्य यंत्रणेपर्यंत पोहोचले आणि दीड वर्षाच्या आसपास आत वावरत राहिले. जानेवारी २००७ मध्ये कंपनीने ते जाहीर केले आणि पुढे ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती गेल्याचे सांगितले. कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांच्या चौकशीत दोन गोष्टींवर बोट ठेवले गेले: नव्या पद्धतीकडे जाण्यात झालेली दिरंगाई, आणि ग्राहकांची नको इतकी माहिती नको इतके दिवस साठवणे. माझ्या मते तिसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे, ती म्हणजे दुकानातल्या रेडिओ लहरींपासून मुख्य सर्व्हरपर्यंत आड येणारे फारसे काही नव्हते. तुमच्या गोदामाची आजची रचना, आकार सोडला तर, तशीच आहे.

त्यामुळे स्कॅनरसाठी स्वतंत्र नाव ठेवा: फक्त २.४ गिगाहर्ट्झ, डब्ल्यूपीए-२ आणि त्यातही फक्त एईएस ही कूटपद्धत, जुनी टीकेआयपी नको. त्याचा लांबलचक पासवर्ड स्कॅनरमध्ये तुम्ही स्वतः टाका, दुसऱ्या कोणाला सांगू नका. त्या विभागातून बिलिंगच्या संगणकावरील एकाच सेवेपर्यंत, स्कॅनर ज्या पोर्टवर (संगणकातील त्या सेवेच्या क्रमांकित दारावर) बोलतो तेवढ्याच पोर्टवर, वाट मोकळी ठेवा. इंटरनेटही त्यांना नको. असे केल्यावर कोणी स्कॅनरचा पासवर्ड मिळवला तरी त्याला दरपत्रकांचा फोल्डर दिसणार नाही. कार्यालयातील लॅपटॉप नवे असतील तर त्यांच्या नावावर निव्वळ डब्ल्यूपीए-३ लावा.

गोदामात गेस्ट दिसत नाही, याचा अर्थ मी आधी म्हटले तेच: तिथला ॲक्सेस पॉइंट थेट आतल्या नेटवर्कला जोडलेला आहे. तो बदलेपर्यंत डिलिव्हरीच्या मुलांना गोदामात वाय-फाय देऊ नका, मोबाइल डेटाचे पैसे द्या, ते स्वस्त पडेल.

---

रुग्णालय_आयटी_नाशिक

दोन गोष्टींची भर घालतो. बिलिंगचा मुख्य संगणक, प्रिंटर आणि सीसीटीव्हीचा रेकॉर्डर ही यंत्रे जागची हलत नाहीत. त्यांना केबलने जोडा आणि त्यांचे वाय-फाय बंद करा. प्रिंटर तर केबल लावल्यावरही स्वतःच्या नावाचे वाय-फाय पसरवत राहतो, ते त्याच्या मेनूत जाऊन वेगळे बंद करावे लागते.

दुसरे, खरेदी करताना विक्रेत्याला हे विचारा की या मॉडेलला फर्मवेअरच्या सुधारणा किती वर्षे मिळतील. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘क्रॅक’ नावाची डब्ल्यूपीए-२ मधील त्रुटी आणि मे २०२१ मध्ये तुकड्यांत पाठवल्या जाणाऱ्या माहितीशी निगडित त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा ज्यांच्या कंपन्यांनी सुधारणा दिल्या ते सावरले आणि बाकीचे तसेच राहिले. लेखी उत्तर न देणाऱ्याकडून मी माझ्या रुग्णालयासाठी काहीही घेत नाही.

---

घाऊक_औषधे_सांगली

समजले. स्कॅनरचा विभाग आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देता येणारे दोन ॲक्सेस पॉइंट, व्हीलॅनचा स्विच आणि नोंदी साठवणारा राउटर एवढ्याचे नव्याने कोटेशन मागवले आहे, आणि सुधारणांच्या मुदतीचे उत्तर लेखी मागितले आहे. प्रिंटर खरोखरच स्वतःचे वाय-फाय पसरवत होता, तेही पासवर्डशिवाय. ते बंद केले. स्कॅनर कोणत्या पोर्टवर बोलतात हे सॉफ्टवेअरवाल्यांना विचारले आहे, उत्तर आले की इथे लिहीन.